विहिरीचे पाणी आणि काचेची बाटली

लिहायला बसताना आधी माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिक अंकात कविता येतात, सहलीची वर्णने येतात, कोणी शिकलेल्या घरातला मुलगा आजोबांच्या आठवणी लिहितो. आमच्या घरात अंकात लिहिणारा सोडाच, अंक विकत घेऊन वाचणाराही माझ्याआधी कोणी झाला नाही. मराठीचे सर म्हणाले, तू नोकरी करून शिकतोस, तर कामावरची एखादी गोष्ट लिही. म्हणून धीर करतो आहे. गोष्ट मोटारीच्या पुढच्या काचेवर पाणी उडवण्याची आहे. एवढ्याशा गोष्टीला इतकी पाने कशाला, असे कोणाला वाटले तर मी वाद घालणार नाही. पण त्या आठवड्यात माझे कॉलेज त्या पाण्यावर टांगलेले होते, इतकेच सांगतो.

कर्णिकबाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली तो सोमवार होता.

मी गिरगावात एका मोटार सर्व्हिस स्टेशनवर काम करतो. सकाळी इंटर सायन्सचे वर्ग आणि प्रॅक्टिकल उरकून मी दुपारी दीडला कामावर येत असे आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जात असे. ही सवलत वर्क्स मॅनेजर सोराबसाहेबांनी दिली होती. माझे काम टॉप-अपचे. म्हणजे सर्व्हिस झालेली गाडी बाहेर पडण्यापूर्वी रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, इंजिनात ऑइल पुरेसे आहे की नाही ते बघायचे, कमी असेल तर भरायचे आणि कार्डावर सही करायची. गाडीत काही कमी पडले तर सही कोणाची ते बघतात. कर्णिकबाईंच्या कार्डावर तिन्ही वेळा माझी सही होती.

डॉक्टर कर्णिकबाईंचे प्रसूतिगृह दादरला आणि घर कफ परेडला. गाडी स्वतः चालवतात. मोठी इम्पोर्टेड गाडी आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत तेव्हा वॉशर असलेली ती एकच होती. त्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये बसल्या नाहीत. गाडीजवळच उभ्या राहून त्यांनी सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

झाले होते ते असे. शनिवारी संध्याकाळी त्या दादरहून घरी निघाल्या. लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा रस्त्यावर आलेला होता. काच मळली होती म्हणून त्यांनी वॉशरचे बटण दाबले. पाणी आलेच नाही. वायपर मात्र सुरू झाला, आणि कोरड्या मळावरून फिरून त्याने सगळी काच दुधासारखी पांढरी करून टाकली. समोर माणसे आहेत एवढे माहीत, दिसत कोणीच नाही. त्यांनी जागच्या जागी ब्रेक मारला. बंपरपासून दोन हातांवर एक म्हातारी झेंडा घेऊन चालली होती.

"एका स्वयंसेवकाने हॉटेलातून पाण्याचा ग्लास आणला आणि स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली," बाई म्हणाल्या. "वर मला विचारतो, आता बघा बाई, महाराष्ट्र दिसतो का."

कोणी हसले नाही. साहेब तर मुळीच नाही.

"सोराबजी, मला अवेळी निघावं लागतं. बाळ थांबत नाही. काचेतून समोरचं दिसावं, एवढीच माझी मागणी आहे. शनिवारी मी गाडी न्यायला येईन. तेव्हा जमलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी दुसरीकडे बघते."

बाई टॅक्सी करून गेल्या. दादरच्या आणखी चार-पाच डॉक्टरांच्या गाड्या त्यांच्याच शब्दावर आमच्याकडे येत होत्या. साहेबांनी माझे कार्ड पुढे धरले.

"जाधव, तू सायन्स शिकते ना? मग हा पाणी का नाय उडत, ते तू सांग. शनिवारपर्यंत. नाय उडला तर सोमवारपासून सकाळी आठला कामावर यायचा. सगळे येतात तसा."

सकाळी आठला कामावर म्हणजे कॉलेज बंद. हे त्यांनाही ठाऊक होते. ते वाईट माणूस नाहीत. पण सायन्सवाल्याला सवलत द्यायची आणि सायन्सचे काम अडल्यावर त्याने गप्प उभे राहायचे, हे त्यांना पटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पटले नसते.

आता वॉशर म्हणजे काय ते सांगतो. पावसाळ्यात वायपर काच पुसतो तेव्हा पाणी आभाळातून येते. बाकीचे आठ महिने काचेवर धूळ आणि काजळी बसते, ती ओली केल्याशिवाय पुसली जात नाही. म्हणून बॉनेटखाली एक काचेची बाटली बसवलेली असते. तिच्यातून रबरी नळी निघते. ड्रायव्हरसमोरचे बटण दाबले की पाणी त्या नळीतून चढते आणि काचेच्या खाली बसवलेल्या दोन पितळी जेटमधून वर उडते. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. कर्णिकबाईंच्या काचेला वॉशरची गरज इतरांपेक्षा जास्त. घरामागे मच्छीमार नगर, तिथली वाळत घातलेली मासळी, समुद्राचा खारा वारा. रोजचा रस्ता परळ-लालबागच्या गिरण्यांच्या चिमण्यांखालून. मीठ, तेलकट वाफ आणि काजळी यांचा एकत्र लेप काचेवर बसे.

बाटलीत घालायला गाडीबरोबर परदेशी निळे औषध आले होते. ते संपले. नवीन मागवावे तर आयात बंद. तेव्हा आमचे हेडमिस्त्री बाबूमिस्त्री यांनी स्वतःचे मिश्रण ठरवले. आवारातल्या विहिरीचे पाणी घ्यायचे आणि त्यात धुण्याच्या साबणाच्या वडीचा कीस विरघळवायचा. मिश्रण त्यांचे, भरणारा मी. आणि इथे माझी एक चूक कबूल करतो, जी तोवर मी कोणाला सांगितली नव्हती. पहिल्या तक्रारीनंतर मला वाटले की साबण कमी पडतो आहे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ. मी कोणाला न विचारता कीस दुप्पट केला.

सोमवारी साहेब गेल्यावर बाबूमिस्त्री माझ्याजवळ आले. ते मालवणचे. पन्नाशी उलटलेली, कानावर नेहमी अर्धी विडी. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही.

"काय रे कॉलेज, पुस्तकात वॉशर नाय काय?"

"बघतो मिस्त्री."

"बघ बघ. माका इंजिन कळता. ही पिचकारी नाय कळणा."

मंगळवारी मी दोन्ही जेट काढले. क्लचच्या जुन्या केबलमधला तारेचा एक धागा सोडवला आणि तो भोकातून फिरवला. आतून पांढरा, चिकट, दह्याच्या कवडीसारखा लगदा निघाला. बाटलीच्या तळाशी, नळीच्या टोकाच्या जाळीवर, सगळीकडे तोच. मी सगळे धुतले, नेहमीचे मिश्रण भरले आणि बटण दाबले. दोन सुरेख धारा काचेवर पडल्या. मला वाटले संपले. बुधवारी दुपारी येऊन बटण दाबले तर एक धार बंद आणि दुसरी म्हाताऱ्याच्या लाळेसारखी ओघळत होती.

मधल्या काळात साहेबांनी स्वतःचा एक उपाय काढला होता. परदेशी औषधात स्पिरिट असते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आपणही स्पिरिट घालू. पण मुंबईत दारूबंदी, त्यामुळे साध्या स्पिरिटलाही परमिट. साहेब अर्ज लिहायलाच बसले होते. बाबूमिस्त्री दारातूनच म्हणाले, "साहेब, परमिट माझ्या नावावर काढा. उरलासुरला मी सांभाळीन." मी भीत भीत म्हटले की परदेशात स्पिरिट घालतात ते पाणी थंडीने गोठू नये म्हणून असेल, गिरगावात पाणी गोठत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवले. त्या आठवड्यात माझे एवढे एकच म्हणणे त्यांनी लगेच मान्य केले.

खरे कारण मला बुधवारीच सकाळी सापडले होते, आणि तेच मला सांगता येत नव्हते.

बुधवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होते पाण्याच्या कठीणपणाचे. बाटलीतल्या पाण्यात साबणाचे द्रावण थेंब थेंब घालायचे, हलवायचे आणि फेस टिकायला किती साबण लागतो ते मोजायचे. पहिल्या बाटलीत लगेच फेस आला. दुसऱ्या बाटलीत फेस येईना, वर पांढऱ्या कवड्या तरंगू लागल्या. मी त्या कवड्यांकडे बघत राहिलो. माझ्या नखांत अजून तसल्याच होत्या. डेमॉन्स्ट्रेटर सरांना विचारले तेव्हा त्यांनी मला समजेल असे सांगितले. ते म्हणाले, पाण्यात क्षार विरघळलेले असले की साबण आधी त्या क्षारांशी भांडतो आणि त्याचा लगदा होतो. क्षार संपल्यावर जो साबण उरेल तो मळाशी भांडायला मोकळा. तुझ्या दुसऱ्या बाटलीतले पाणी विहिरीचे आहे, पहिल्यातले नळाचे. मुंबईला तलावाचे पाणी येते, ते मऊ.

म्हणजे मी कीस दुप्पट केला तेव्हा लगदा दुप्पट केला होता. आणि मूळ दोष विहिरीच्या पाण्यात होता.

आता विहिरीविषयी सांगायला हवे. ती गॅरेजपेक्षा जुनी आहे. रोज सकाळी बाबूमिस्त्री तिच्या काठावर फूल ठेवतात, उदबत्ती लावतात, मग बाकीची कामे. नवीन गाडी पहिल्यांदा आवारात आली की तिच्या रेडिएटरमध्ये पहिला तांब्या त्या विहिरीचा. मालवणीत विहिरीला बाव म्हणतात. "बावीन गॅरेज राखला," असे ते नेहमी म्हणतात. उन्हाळ्यात सकाळनंतर नळ कोरडा असतो, तेव्हा सगळ्या गाड्या त्या विहिरीवरच धुतल्या जातात. त्यामुळे गाडीत जाणारे पाणी विहिरीचेच, हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला गाव विचारले, आडनाव विचारले. मी सांगितले. मग पाणी काढायचे होते. मी विहिरीपासून चार पावलांवर उभा राहिलो. मला कोणी थांबवले नव्हते, पाय आपोआप थांबले. मिस्त्रींनी दोर माझ्या अंगावर टाकला. "बघतंस काय? ओढ." एवढेच. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. संध्याकाळी घरी, काळाचौकीच्या आमच्या खोलीत, मी हे आईला सांगितले. आम्ही तिला आय म्हणतो. तिने दोनदा विचारले, "तू हातानं ओढलंस?" दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

पुढे आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले. मिस्त्रींना ते माहीत होते. त्यांनी मला उदबत्ती लावायला कधी सांगितले नाही आणि दोर हातातून घेतलाही नाही. आता त्याच माणसाला मी जाऊन सांगायचे की तुमच्या विहिरीचे पाणी वाईट आहे. न सांगावे तर माझे कॉलेज जाते. सांगावे तर ते काय समजतील, हे मला दिसत होते.

गुरुवारी हरताळ होता. ट्रॅम बंद, गिरण्या बंद, दुकाने बंद. वडील सभेला गेले. माझा हातचा एक दिवस वाया. मी खोलीत पुस्तक उघडून बसलो, पण वाचत नव्हतो. आय डाळ निवडत होती.

"काय झालं रे? पान उलटत नाय ते?"

मी सगळे सांगितले. जेट, लगदा, क्षार, साबण. तिला हे कळणार नाही असे समजून मी हळूहळू सांगत होतो, आणि त्याची आता लाज वाटते. ती मध्येच म्हणाली, "म्हंजे खारं पाणी. मग सरळ बोल ना."

गावी आमच्या वाडीला विहीर नव्हती. खाडीच्या कडेला जमिनीत खणलेला खड्डा होता, डवरा म्हणतात त्याला. भरतीला त्याच्यात खारटपणा उतरे. आयने लग्नानंतर मुंबईला येईपर्यंत तेच पाणी भरले होते.

"त्या पाण्यात डाळ कधी शिजली नाय," ती म्हणाली. "साबण लावला तर कापडावर चिकट बसायचा, फेस नाय. तांब्या वाळला की पांढरा. तुझ्या मास्तराला दोन बाटल्या लागल्या व्हय?"

"पण आय, मिस्त्रींना कसं सांगू? त्यांनीच मला त्या विहिरीला हात लावू दिला."

तिने डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "डवऱ्यात डाळ शिजत नव्हती म्हणून आमी काय त्याला शिव्या दिल्या? तेवढंच तर होतं. त्याचं पाणी भांड्याला घेतलं, आंघोळीला घेतलं. डाळीला पावसाचं साठवलं. ज्याचं त्याला. तू सांगू नको. त्यांनाच बघू दे."

शुक्रवारी मी प्रॅक्टिकल बुडवले. आयुष्यात पहिल्यांदा. डेमॉन्स्ट्रेटर सरांनी कॉलेजचे काचसामान धुण्याच्या द्रावाची माहिती दिली होती. तो दिसतो साबणाच्या पाण्यासारखा, पण साबण नसतो आणि कठीण पाण्यातही त्याचा लगदा होत नाही. गिरण्यांतही वापरतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका केमिकलवाल्याकडून मी त्याची छोटी बाटली घेतली. घरून दोन बाटल्या आणल्या होत्या. एकीत आमच्या चाळीच्या नळाचे पाणी होते, दुसरी रिकामी.

दुपारी गॅरेजमध्ये मी मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की एक प्रयोग करायचा आहे, तो तुम्ही स्वतःच्या हाताने कराल का. त्यांनी विडी कानावर ठेवली. एका बाटलीत त्यांनी स्वतः विहिरीचे पाणी काढून घातले. दोन्हीत वडीचा सारखाच कीस टाकला.

"आता हलवा."

नळाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला. विहिरीच्या बाटलीत फेस नाही, वर कवड्या. मिस्त्रींनी ती बाटली पुन्हा हलवली. आणखी जोरात हलवली. मग खाली ठेवली. तोवर दोघे-तिघे कामगार जमले होते आणि साहेब केबिनच्या दारात आले होते.

मिस्त्री माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"तुमी देव सोडलात. ता तुमचा तुमी बघा. आता आमच्या बावीवर इलंस?"

मी काय ठरवले होते ते सगळे विसरलो. शेवटी तोंडून आले ते हेच, "मिस्त्री, माझ्या आईला गावी खारं पाणीच होतं. दुसरं भरू देत नव्हते. ती त्या पाण्याला कधी वाईट बोलली नाही. डाळ तेवढी त्यात शिजत नाही म्हणते. मला मुंबईत पहिली विहीर तुम्ही दाखवलीत. मी तिला कसं वाईट म्हणेन?"

मी काचेचा एक तुकडा बॉनेटवर ठेवला आणि त्याच्यावर बोटाने दोन थेंब टाकले, एक नळाचा, एक विहिरीचा. शुक्रवारचे ऊन कडक होते. आम्ही सगळे त्या दोन थेंबांकडे बघत उभे राहिलो. साहेबसुद्धा. नळाचा थेंब वाळून गेला, त्याची खूण दिसायला वाकावे लागे. विहिरीच्या थेंबाच्या जागी पांढरे वर्तुळ राहिले, चुन्याने काढल्यासारखे. मिस्त्रींनी त्याच्यावरून बोट फिरवले आणि बोट जिभेला लावले.

"खारट," ते म्हणाले.

मग पुन्हा एकदा चाखले. मग विहिरीकडे बघितले आणि मान हलवली. "बाव खोटा बोलणा नाय. आमीच विचारूक नाय."

पुढचे सगळे त्यांनीच ठरवले. ते म्हणाले, धुण्याला बाव, नवीन गाडीच्या पहिल्या तांब्याला बाव. बाटलीला नळ. सकाळी नळ सुरू असतो तेवढ्यात भरून ठेवायला त्यांनी स्टोअरमधून झाकणाचा एक हंडा काढला आणि त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला, चुकून कोणी त्यात विहिरीचे पाणी ओतू नये म्हणून. मी माझी दुप्पट किसाची चूकही तिथेच सांगून टाकली. साहेब म्हणाले, "ते आता कशाला सांगते?" मला माहीत नाही. सांगितल्याशिवाय राहवले नाही.

साफ कसे केले तेही लिहितो, कोणाच्या उपयोगी पडेल. आधी जुने मिश्रण पूर्ण ओतून दिले. बाटली, नळी, जाळी आणि जेट काढून, शनिवारी सकाळी हंड्यात भरलेले नळाचे पाणी तापवून त्याने धुतले. जेटमधून तारेचा धागा दोन्ही बाजूंनी फिरवला. नळी तोंडाने फुंकून बघितली. नवीन पाणी पातळ मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळून भरले, पण काठोकाठ नाही, बोटभर जागा ठेवून. त्या द्रावाचा एक छोटा चमचा. जास्त नाही. जास्त घातला तर काचेवर फेस होतो आणि तो पुसायला पुन्हा पाणी लागते. हा धडा मी साबणावर शिकलो होतो. शेवटी कोरड्या काचेवर वायपर चालवू नये, आधी पाणी आणि मग वायपर, अशी चिठ्ठी लिहून बटणाशेजारी चिकटवली.

शनिवारी दुपारी कर्णिकबाई आल्या. साहेबांना बटण दाबून दाखवायचे होते. बाई म्हणाल्या, इथे उभ्या गाडीत मागच्या खेपेलाही उडालं होतं. बसा, माझ्या रस्त्यावर जाऊ. साहेब पुढे बसले, मी आणि मिस्त्री मागे. इम्पोर्टेड गाडीत बसून जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. मिस्त्रींनी विडी खिशात टाकली.

आधी लालबाग, परळ, मग मागे फिरून कफ परेड. समुद्राकडून वारा होता. मच्छीमार नगरच्या बाजूला दोरीवर बोंबील वाळत होते आणि काचेवर नेहमीचा लेप बसला होता. ऊन समोरून येत होते आणि त्या लेपातून रस्ता धुक्यातल्यासारखा दिसत होता. मिस्त्रींनी माझा गुडघा पकडला. बाईंनी बटण दाबले.

दोन धारा उठल्या. सारख्या उंचीच्या, काचेच्या बरोबर मध्यापर्यंत. वायपर एकदा गेला, परत आला. दुसऱ्यांदा गेला. काचेत समुद्र आला. बोंबलांच्या दोऱ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसू लागल्या. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती. बाईंनी तिच्यासाठी आरामात गाडी थांबवली. ती गेल्यावर पुन्हा बटण दाबले, बहुधा नुसते बघायला. पुन्हा दोन धारा.

"सोराबजी," बाई म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

साहेब मागे वळले. मला वाटले ते माझे नाव घेतील, आणि त्यांनी घ्यायला तोंड उघडलेही. पण मिस्त्री आधी बोलले.

"ह्येच्या आवशीन."

बाईंना कळले नाही. मालवणीत आवस म्हणजे आई. मी तेही सांगितले आणि आयच्या डवऱ्याचेही. मग कफ परेडपासून परत येईपर्यंत बाई मला डवऱ्याविषयी विचारत होत्या आणि साहेब ऐकत होते. गॅरेजमध्ये उतरताना साहेब एवढेच म्हणाले, "सोमवारी दीडलाच ये." त्या रात्री मी जेवलो किती ते आयला विचारावे लागेल.

पुढच्या महिन्यात वॉशर असलेल्या आणखी दोन गाड्या बाईंच्या शब्दावर आल्या. कर्णिकबाईंच्या गाडीचे जेट पुन्हा कधी तुंबले नाहीत. इंटर सायन्स मी पास झालो. आता बी.एस्सी.ला आहे आणि अजून दीडलाच कामावर जातो. धडा म्हणून काही लिहायचे तर हेच. पाण्याविषयी काही अडले तर ते पुस्तकात जरूर बघावे, पण त्याआधी ते ज्याने डोक्यावरून वाहिले त्याला विचारावे. एक प्रॅक्टिकल वाचते.

इथे मी थांबणार होतो. पण लेख सरांना द्यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि एक पाकीट पुढे केले. पहिली तक्रार आली तेव्हाच त्यांनी गाडीच्या परदेशी कंपनीला पत्र टाकले होते, की आमच्याकडे वॉशर तुंबतो, बाटलीत काय भरावे. हे त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितले नव्हते. कंपनीने उत्तर लवकर दिले होते. पण ते चुकून कलकत्त्याच्या एजंटकडे गेले आणि तिथे कोणाच्या तरी खणात दीड वर्ष पडून राहिले. आता त्याला मुंबईची वाट सापडली होती. टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. साबण वापरू नये. पाणी मऊ असावे. आपल्या भागात कोणते पाणी मऊ आहे याची स्थानिक रहिवाशांकडे चौकशी करावी.

मिस्त्रींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि लाल दोऱ्याच्या हंड्याच्या वर भिंतीला लावले. त्याची नक्कल करून मी घरी नेली आणि आयला मराठीत सांगितली. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "आणि डाळीचं काय लिहिलंय?"

मी म्हणालो, डाळीचे काही लिहिलेले नाही.